वीक: काळ्या वाळूच्या गावाला जाण्याआधी

नागपुरातला सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे, तिचा काळा दगड आणि आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वीक गावाचा काळा दगड एकाच जातीचा. दोन्ही बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. आपल्याकडचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. नागपूर त्या दख्खनच्या लाव्ह्याच्या पूर्वेकडच्या काठावर वसलंय. शहर ओलांडून पूर्वेला गेलं की बेसाल्ट संपतो आणि त्याहून कितीतरी जुना दगड लागतो. नागपूरच्या टाकळीला एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना जे जीवाश्म सापडले, ते लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात होते. एक थर थंड झाला, त्यावर तळी साचली, झाडं वाढली, आणि मग पुढचा लाव्हा आला. आइसलँडमध्ये हाच क्रम आजही चालू आहे. अटलांटिकच्या मधोमध दोन भूपट्ट वर्षाला साधारण दोन सेंटिमीटरनं एकमेकांपासून दूर सरकतात, त्यात पोटातून जादा उष्णता वर येते, आणि हे बेट त्यातूनच घडलंय.

वीक तसं काही शे लोकांचं गाव. टेकडीवर चर्च, खाली एक सुपरमार्केट, पेट्रोल पंप, लोकरीच्या कपड्यांचं दुकान आणि हॉटेलं. गावाच्या मागे हिमनदी, तिच्याखाली कात्ला नावाचा ज्वालामुखी, समोर उघडा अटलांटिक. गाव समुद्रकाठी असूनही त्याला बंदर नाही, कारण आडोसा नाही आणि किनारा सगळा सरकत्या वाळूचा. इथे फलकांवर लिहिलेला प्रत्येक नियम ज्वालामुखी, बर्फ, समुद्र आणि वारा या चौघांपैकी कुणाच्या तरी स्वभावातून आलेला आहे. आपण मध्य भारतातली माणसं. पंचेचाळीस अंशाच्या उन्हात कसं वागायचं ते आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. समुद्र आणि वाऱ्याचं तसं नाही. ते समजून घेऊनच जावं लागतं.

वाळू काळी का, खांब सहा कोनांचे का

बेसाल्टमध्ये लोह आणि मॅग्नेशियम भरपूर, म्हणून तो गडद. आपल्याकडे ऊन, पाऊस आणि लाखो वर्षं मिळून त्याची चिकण काळी माती झाली. विदर्भातला कापूस त्याच मातीवर पिकतो. वीकला हवा थंड आणि दगड कोवळा. तिथे दगड कुजून माती होण्याआधीच त्याची भरड वाळू होते. त्यातही बरीचशी वाळू ज्वालामुखी काचेची आहे. तापलेला शिलारस बर्फाच्या पाण्याला भिडला की क्षणात थिजतो, त्याला स्फटिक बनवायला वेळच मिळत नाही, आणि काचेचे अणकुचीदार कण तयार होतात. कॅमेऱ्याच्या लेन्सवरची ही वाळू रुमालानं पुसली तर ओरखडे पडतात. आधी फुंकर घालणारा छोटा ब्लोअर वापरा, मगच कापड.

गावाच्या पश्चिमेला, रेनिसफ्याल डोंगराच्या पलीकडच्या अंगाला रेनिसफ्यारा किनारा आहे. तिथे कड्याला लागून बेसाल्टचे खांब एकमेकांना खेटून उभे आहेत. लाव्ह्याचा जाड थर थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात. उन्हाळ्यात फुटाळा तलावाच्या काठचा गाळ वाळताना जशा पडतात, तशाच. थर सगळीकडे सारखा थंड होत असेल, तर भेगा साधारण १२० अंशांच्या कोनात एकमेकींना मिळतात, म्हणून बहुतेक खांब षटकोनी. पृष्ठभाग गार होत जातो तशा भेगा आत आत उतरतात, आणि भेगांचं जाळं खोल गेलं की त्याचे खांब होतात. थंड व्हायला जितका वेळ जास्त, तितका खांब जाड. कुठे खांब आडवे किंवा वाकडे दिसले, तर तिथे लाव्हा वरून नव्हे तर बाजूनं गार झाला असं समजावं. यवतमाळ जिल्ह्यात शिबला गावापाशी असे खांब आपल्याकडेही आहेत. जाण्याआधी ते पाहून घेतले, तर रेनिसफ्याराला काय बघायचं ते डोळ्याला आधीच ठाऊक असेल.

रेनिसफ्याल डोंगराचा बराच भाग मात्र वेगळा, तपकिरी आणि ठिसूळ. बर्फाखाली झालेल्या उद्रेकाची राख घट्ट होऊन बनलेला हा दगड सुटतो. ऑगस्ट २०१९ मध्ये किनाऱ्याच्या पूर्व टोकाला कड्याचा मोठा भाग खाली कोसळला होता. दोरी किंवा फलक लावून बंद केलेल्या भागात फोटोसाठी शिरू नये. पाऊस पडून गेल्यावर कड्याच्या पायथ्याशी बसून डबा खाऊ नये.

रेनिसफ्याराची लाट

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं नीट वाचा. या किनाऱ्यावर पर्यटकांचे जीव गेले आहेत, आणि त्यातले बरेच जण पोहायला गेलेलेच नव्हते. ते पाण्यापासून ‘सुरक्षित’ अंतरावर उभे होते.

होतं असं. वीकच्या दक्षिणेला हजारो किलोमीटर मोकळा महासागर आहे. तिकडे कुठेतरी उठलेल्या वादळाच्या लाटा अडथळ्याविना इथपर्यंत येतात, आणि लांबून आलेल्या लाटांमध्ये पाणी फार असतं. दोन लाटांच्या शिखरांमध्ये दहा-पंधरा सेकंदांचं अंतर असतं. कोकणातल्या उथळ किनाऱ्यावर लाट दूरवरच फुटते आणि पायाशी येईतो तिचा जोर ओसरतो. रेनिसफ्याराला तळ काठापासूनच झपाट्यानं खोल जातो, त्यामुळे लाट जवळजवळ पूर्ण जोरानिशी वाळूवर आदळते. त्यात वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या लाटा कधीमधी एकमेकींवर चढतात. पाच-सात मिनिटं पाणी एका रेषेपर्यंत येऊन परत जातं, माणसाला ती रेष खरी वाटते, आणि मग एक लाट त्या रेषेच्या कितीतरी वर येते. तिला स्नीकर वेव्ह म्हणतात. वारा नाही, आकाश निळं आहे, म्हणून लाट येणार नाही असं नसतं. तिला जन्म देणारं वादळ आपल्या आभाळात नव्हतंच.

लाट येते तेव्हा माणूस फार तर भिजतो. धोका ती परतताना. उतार तीव्र, पाणी जोरात मागे ओढतं, आणि पायाखालची भरड वाळू व गोटे त्याच्यासोबत घरंगळतात. गुडघाभर पाण्यातही पाय टिकत नाहीत. पाणी उन्हाळ्यातही साधारण दहा अंशांचं, हिवाळ्यात त्याच्या निम्मं. अंगाला अचानक इतकं गार पाणी लागलं की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर तेवढंच पुरतं. भिजलेलं जाड जॅकेट आणि बूट खाली ओढतात. अंबाझरीच्या तलावात कितीही पोहलेलं असो, त्याचा इथे उपयोग नाही.

पार्किंगमधून किनाऱ्याकडे जाताना इशाऱ्याचा दिवा आणि नकाशाचा फलक दिसतो. लाटांच्या अंदाजानुसार दिवा बदलतो. पिवळा असेल तर पाण्याजवळच्या पट्ट्यात आणि गुहेकडे जायचं नाही. लाल असेल तर खाली वाळूवर उतरायचंच नाही, वरच्या जागेवरून बघायचं. दिवा काहीही सांगत असो, ओल्या वाळूची रेष जिथे संपते तिथून किमान तीस-चाळीस मीटर वर राहा. पोचल्यावर आधी दहा मिनिटं नुसते उभे राहून लाटा बघा. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. सेल्फीत नेमकी पाठच समुद्राकडे होते, म्हणून तिघं असतील तर दोघं फोटोत आणि एक जण सतत पाण्यावर नजर ठेवून, असं ठरवूनच घ्या. लहान मुलांचा हात धरूनच ठेवा.

खांबांपलीकडची गुहा सगळ्यात फसवी. भरती आली की तिच्यासमोरची वाळूची पट्टी अरुंद होते, आणि मोठी लाट थेट कड्याला भिडते. आत असलेल्यांना बाहेर पडायला वाट उरत नाही. भरतीच्या वेळा आदल्या रात्रीच पाहून ठेवा आणि ओहोटीच्या सुमारास जा. इथला किनारा वादळांनुसार बदलतो. एखाद्या मोसमात वाळू ऐसपैस असते, दुसऱ्यात समुद्र खांबांपाशी आलेला असतो. जुन्या फोटोंवरून जागेचा अंदाज बांधू नये.

लाट मागे लागलीच तर किनाऱ्याला समांतर पळू नका, सरळ वर चढा. हातातला कॅमेरा सोडून द्या. कुणी ओढलं गेलं तर मागोमाग पाण्यात उतरू नका. ११२ ला फोन लावा आणि त्या माणसावरची नजर हलवू नका. किनाऱ्यावरून बोट दाखवणारा माणूस बचाव पथकाला फार उपयोगी पडतो.

समुद्रात उभे असलेले रेनिसद्रांगार हे सुळके सुमारे ६६ मीटर उंच आहेत. ते वीक गावाच्या बाजूनंही छान दिसतात, आणि लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर चर्चच्या टेकडीवरून पाहणं उत्तम. पश्चिमेला दिर्होलाएय हे दगडी भूशिर आहे. त्याची कमान आणि पफिन पक्षी बघायला लोक येतात. पफिन मेपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतात, सकाळी लवकर आणि संध्याकाळी जास्त दिसतात. अंडी-पिलांच्या दिवसांत काही भाग ठरावीक वेळी बंद ठेवतात. कड्याच्या काठावरच्या गवताखाली त्यांची बिळं असतात, म्हणून तिथली जमीन पोकळ असते.

बर्फाखालचा कात्ला

कात्लावर मिर्दल्सयोकुल हिमनदीचा शेकडो मीटर जाडीचा बर्फ आहे. इथे भीती लाव्ह्याची कमी, पाण्याची जास्त. उद्रेक झाला की बर्फ खालून वितळतो, पाणी बर्फाखाली वाट काढतं आणि हिमनदीच्या कडेनं फुटून बाहेर पडतं. त्या लोंढ्यात पाणी, राख, घराएवढे बर्फाचे तुकडे, सगळं असतं. कात्लाचा शेवटचा मोठा उद्रेक १२ ऑक्टोबर १९१८ ला झाला. त्या पुरानं एवढा गाळ आणला की किनाराच समुद्रात पुढे सरकला. वीकच्या पूर्वेचं मिर्दल्ससांदुर हे ओसाड काळं मैदान अशाच पुरांनी बनलंय. पुरानं आणलेली वाळू समुद्र पुढे हळूहळू परत नेतो, म्हणून वीकसमोरचा किनारा झिजतो आणि तो रोखायला दगडांचे बांध घातले आहेत. जुलै २०११ मध्ये एका छोट्या पुरानं मूलाक्विस्ल नदीवरचा पूल वाहून नेला, आणि देशाला वळसा घालणारा एक नंबरचा रस्ता तिथे तुटला.

कात्लावर भूकंपमापकं आहेत आणि नद्यांच्या पाण्यावर सतत नजर आहे. इशारा मिळाला तर त्या भागातल्या सगळ्या मोबाइलवर, परदेशी नंबरवरसुद्धा, मेसेज येतो. म्हणून रात्री फोन एअरप्लेन मोडवर टाकून झोपू नका, रोमिंग किंवा तिथलं सिम चालू ठेवा. गावातल्यांनी जमायची जागा म्हणजे टेकडीवरचं चर्च, कारण ते उंचावर आहे. हॉटेलात शिरल्यावर तिथे पायी जायची वाट एकदा बघून ठेवा. मिर्दल्ससांदुरवर गाडीत असताना मेसेज आला तर पोलीस किंवा मेसेज सांगेल त्या दिशेनं जा. नदीच्या पुलाकडे वळू नका.

घरच्यांसाठी एक खुलासा. टीव्हीवर ‘आइसलँडमध्ये ज्वालामुखी’ अशी बातमी आली की नागपूरहून फोन सुरू होतात. गेल्या काही वर्षांत बातमीत असलेले बरेचसे उद्रेक रेक्यानेस द्वीपकल्पावरचे आहेत. तिथे जमिनीला भेग पडून लाव्हा वाहतो, राख फार उडत नाही, आणि ती जागा वीकहून बरीच दूर आहे. २०१० साली युरोपची विमानं बंद पाडणारा एयाफ्यात्लायोकुल मात्र वीकचा शेजारी. त्यावर बर्फ होता. शिलारस आणि पाणी भिडून बारीक राख झाली आणि ती उंच गेली. म्हणजे उद्रेकाची बातमी आली की आधी एवढंच विचारा: कुठे झालाय, आणि वर बर्फ आहे का?

वारा आणि भाड्याची गाडी

आइसलँडमध्ये रेल्वे नाही. राजधानी रेक्याविकहून वीकला बस आहे, पण फेऱ्या मोजक्या. त्यामुळे बहुतेक लोक गाडी घेतात. अंतर सुमारे १८५ किलोमीटर, चांगल्या हवेत अडीच तास. इंग्रजीतलं भारतीय लायसन्स चालतं, तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. तो एक वर्ष चालतो. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात, म्हणून गिअर उजव्या हाताशी येतो. पहिल्यांदाच जाणार असाल तर ऑटोमॅटिक गाडी घ्या. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ९०, खडीच्या रस्त्यावर ८०, गावात ५०. दिवे दिवसाही चालू. एकपदरी पुलावर जो आधी पोचला तो आधी जातो. रस्ता सोडून वाळूवर किंवा शेवाळावर गाडी घालणं गुन्हा आहे, आणि दंड जबर.

हवामान खात्याचे वाऱ्याचे आकडे मीटर प्रतिसेकंदात असतात. त्याला ३.६ ने गुणलं की किलोमीटर प्रतितास मिळतं. १५ म्हणजे ५४, इथपासून सांभाळून चालवावं लागतं. २० म्हणजे ७२. उंच गाडी असेल तर निघू नका. २५ म्हणजे ९०, तेव्हा वीकच्या आसपासचा रस्ता बंदही होतो. डोंगराला वळसा घालून आलं की वारा एकदम आडवा धक्का देतो, म्हणून साध्या आकड्यापेक्षा झोताचा (गस्ट) आकडा पाहा. गावात शिरण्याआधीचा घाट हिवाळ्यात निसरडा असतो.

भाड्याच्या गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान दारांचं होतं. वारा मागून असताना दार उघडलं की ते हातातून सुटतं, पुढे फिरतं आणि बिजागरी वाकते. हे नुकसान बहुतेक विम्यात धरलेलं नसतं. गाडी लावताना तिचं तोंड वाऱ्याकडे करा. मग वारा दार मिटवायला बघतो, उघडायला नाही. दार दोन हातांनी धरून, एका वेळी एकच उघडा. मागे बसलेल्या मुलांना आधीच सांगून ठेवा. वाळूच्या वादळात रंग आणि काच खरवडली जाते. वीककडे जात असाल तर वाळू-राखेचा वेगळा विमा घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. पेट्रोल पंपावर बहुतेक ठिकाणी माणूस नसतो. मशीन चार आकडी पिन मागतं, म्हणून फॉरेक्स कार्डाचा पिन घरूनच चालू करून पाठ करा.

सकाळी निघण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: हवेसाठी वेदुर डॉट आयएस, रस्त्यांसाठी उम्फेर्दिन डॉट आयएस, इशाऱ्यांसाठी सेफट्रॅव्हल डॉट आयएस. तिन्ही इंग्रजीत वाचता येतात.

वाटेवर सोल्हेइमासांदुरला १९७३ मध्ये उतरवलेल्या अमेरिकी नौदलाच्या विमानाचा सांगाडा आहे. त्यातले सगळे वाचले होते. पार्किंगपासून चालत एका बाजूला जवळजवळ चार किलोमीटर. रस्ता सपाट, आडोसा नाही. हिवाळ्यात हवा फिरली की इथे माणसं दगावली आहेत.

नागपूरहून

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. ज्या देशात सर्वाधिक रात्री काढणार, त्याच्याकडे अर्ज. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात. बोटांचे ठसे द्यायला नागपूरबाहेर जावं लागू शकतं, म्हणून तीन महिने हातात ठेवा. भारतातून केफ्लाविकला, म्हणजे आइसलँडच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, थेट विमान नाही. मुंबई-दिल्लीमार्गे जा किंवा दोहामार्गे, युरोपात एकदा बदलावंच लागतं. शेंगेनचं इमिग्रेशन वाटेतल्या पहिल्या शेंगेन देशाच्या विमानतळावर होतं, तिथे अडीच तास तरी मोकळे हवेत. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर थांबा: साधा शेंगेन पर्यटक व्हिसा असूनही ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा वेगळा लागू शकतो. सगळी विमानं एकाच तिकिटावर घ्या. एक चुकलं तर पुढची सोय करणं विमान कंपनीवर येतं.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि वीकसाठी जून फार चांगला. वीसेक तास उजेड, पफिन हजर, रस्ते बहुधा मोकळे. तापमान तरी दहा-बारा अंशच, आणि वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस असल्यानं भिजण्याची तयारी हवी. छत्री नेऊ नका, वारा ती पहिल्या मिनिटाला उलटी करतो. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, मधे फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि तशीच पँट. सुती बनियन आणि जीन्स भिजल्या की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर उजेड आठेक तासांचा, वादळं जास्त. बदल्यात आभाळ स्वच्छ असेल तर उत्तरध्रुवीय प्रकाश दिसू शकतो. बर्फाच्या गुहांमध्ये कोणत्याही मोसमात गाइडशिवाय जाऊ नका, छत कोसळतं.

शाकाहारी जेवण मिळतं, पण निवड थोडी आणि महाग. माणशी तीन किलोपर्यंत खाण्याचे पदार्थ नेता येतात. कच्चं मांस आणि कच्च्या दुधाचे पदार्थ चालत नाहीत. पोह्यांचा चिवडा, खाकरे, गरम पाणी घालून होणारा उपमा, एवढं पुरतं. नळाचं पाणी सरळ प्या, बाटल्या विकत घेऊ नका.

परतीच्या विमानाची आदली रात्र वीकमध्ये काढू नये. वारा वाढला आणि रस्ता बंद झाला तर दुसरी वाट नाही. डोंगर आणि हिमनदीला वळसा घालणारा तेवढा एकच रस्ता आहे. शेवटची रात्र रेक्याविक किंवा केफ्लाविकला ठेवा, आणि वीकचं हॉटेल आयत्या वेळी रद्द करता येईल अशा अटीवर घ्या, म्हणजे अंदाज बिघडलेला दिसताच एक दिवस आधी निघता येतं.